घरच्या संगणकावर आपोआप कोणती सिस्टिम सुरू व्हावी, हे कसे ठरवावे

फोंड्याजवळच्या आमच्या घरी टेबलावरचा एकच संगणक आहे आणि त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाचीने चवथीच्या सुट्टीत विंडोजच्या शेजारी उबुंटू हा लिनक्सचा प्रकार बसवला, कारण तिचा अभ्यास त्यावर चालतो. बाबांचे सगळे काम मात्र विंडोजवर आहे. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता त्यांनी वर्षानुवर्षे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या आहेत, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नीट उघडतात ते विंडोजसाठीच बनलेले आहे. बाबा सकाळी बटण दाबतात, चहाचे आधण ठेवायला आत जातात, आणि परत येईपर्यंत दहा सेकंद उलटून उबुंटू उघडलेले असते. मग पुन्हा बंद, पुन्हा सुरू, आणि या वेळी खुर्चीवरून न हलता काळ्या पडद्याकडे डोळे लावून बाणाची कळ दाबणे. आठवडाभर हे पाहिल्यावर मी तो क्रम बदलून दिला. ते काम करताना जे करावे लागले आणि जे टाळावे लागले, ते सगळे येथे क्रमाने लिहीत आहे.

डिफॉल्ट पर्याय म्हणजे कोणी काहीच न दाबल्यास जे सुरू होते ते. म्हणून हा पर्याय ठरवताना, घरात संगणक जास्त कोण वापरतो यापेक्षा, त्या क्षणी निवड करणे कोणाला अवघड जाते हे पाहावे. भाचीला बाणाची कळ कधी दाबायची हे ठाऊक आहे. तिने ती दाबावी. बाबांना ती दाबावी लागू नये. गोव्यात सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचले, तेव्हापासून एक यंत्र सगळ्या घराचे ही रीत अनेक कुटुंबांत आहे. त्यातच विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशा जुन्या यंत्रांवर शेजारी लिनक्स बसवणारी घरे वाढणे साहजिक आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्याव्यात. जेथे मोठी अक्षरे लागतात तेथे तसे सांगितले आहे.

हात लावण्यापूर्वी

पहिले काम विंडोजच्या एन्क्रिप्शनचे, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लागलेल्या कुलपाचे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मालकाने मुद्दाम चालू केलेले नसतानाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते. सुरू होण्याच्या क्रमात किंवा सिक्युअर बूटच्या (खात्रीचीच सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) सेटिंगमध्ये बदल झाला की हे कुलूप सांभाळणारा विंडोजचा बिटलॉकर सावध होतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती हाताशी नसेल तर आतल्या फायली असूनही नसल्यासारख्या होतात. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तेथे जाऊन ती पाहावी, कागदावर उतरून घ्यावी, आणि कागद संगणकापासून दूर, घराच्या इतर कागदपत्रांबरोबर ठेवावा. हे केल्याशिवाय पुढची एकही पायरी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे काम विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचे. हा पर्याय चालू असेल तर आपण शट डाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. तिचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा झोपवून ठेवला जातो, आणि मग उबुंटूतून विंडोजचा विभाग उघडायला गेल्यास तो फक्त वाचता येतो किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचे बटण काय करते ते ठरवण्याच्या पानावर हा पर्याय आहे. वरची, सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला अशा अर्थाची ओळ दाबली की खालची खूण काढता येते.

आणि मोबाइलने फोटो काढावेत. बदल करण्यापूर्वीच्या प्रत्येक पडद्याचा एक.

निवड नेमकी कोठे होते

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या जागी बदल केल्याने. संगणक सुरू होताना कोणती सिस्टिम उघडायची हे तीन ठिकाणी ठरू शकते, आणि ती तिन्ही ठिकाणे एकमेकांच्या याद्या ओळखत नाहीत. पहिले ठिकाण मदरबोर्डवरचे फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. ते ठरवते की आधी कोणत्या बूट लोडरला, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, हाक मारायची. लिनक्स बसवलेले असल्यास ती हाक बहुधा ग्रबला, म्हणजे लिनक्सच्या बूट लोडरला, जाते, आणि ग्रब आपली यादी दाखवतो. ग्रबने विंडोजकडे पाठवले, किंवा फर्मवेअरने थेट विंडोजलाच हाक मारली, तर तिसरी यादी विंडोजची स्वतःची. मात्र तीत दोन विंडोज असतील तरच ती पडद्यावर दिसते.

म्हणून एकदा संगणक सुरू करून काहीही न दाबता फक्त पाहावे. काळ्या किंवा जांभळट पार्श्वभूमीवर साध्या अक्षरांत ओळी आणि माथ्यावर ग्नू ग्रब असे शब्द दिसले, तर निवड ग्रबमध्ये होते. निळ्या पडद्यावर मोठ्या चौकटींत विंडोजची नावे दिसली, तर ती विंडोजची यादी. कोणतीच यादी न दिसता सरळ एक सिस्टिम उघडली, तर निर्णय फर्मवेअरमध्ये झाला आहे किंवा ग्रबची यादी लपवलेली आहे.

विंडोजची यादी

एकाच यंत्रावर विंडोज १० आणि ११ अशा दोन्ही असतील तर हे काम सोपे आहे. निळ्या पडद्याच्या तळाशी डिफॉल्ट बदलण्याची ओळ असते. ती निवडल्यास डिफॉल्ट सिस्टिम आणि थांबण्याचा वेळ हे दोन्ही तेथेच ठरवता येतात. वेळेसाठी ५ सेकंद, ३० सेकंद आणि ५ मिनिटे असे पर्याय मिळतात. सुरू झालेल्या विंडोजमधून करायचे असल्यास विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून एमएसकॉन्फिग असे टाइप करावे, बूट हा टॅब उघडावा, हवी ती ओळ निवडून सेट अ‍ॅज डिफॉल्ट दाबावे. टाइमआउटच्या चौकटीत ३ ते ९९९ यांमधला आकडा चालतो.

त्याच टॅबवर सेफ बूट नावाची एक चौकट आहे, तिला हात लावू नये. तेथे खूण पडली की संगणक प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच उघडतो. शेजारचे डिलीट बटणही दाबू नये. त्याने विंडोज पुसली जात नाही, पण यादीतली तिची ओळ जाते आणि ती परत आणणे किचकट असते.

उबुंटूचे नाव या यादीत सहसा कधीच सापडत नाही. ते नाही म्हणून उबुंटू उडाले असे समजून कोणी पुन्हा बसवायला घेऊ नये. ते आहे तेथेच आहे, फक्त ही यादी त्याची नाही.

ग्रबमधील बदल

आमच्या घरचे काम येथे झाले, आणि दोन वेगळ्या सिस्टिम असलेल्या बहुतेक घरांचे येथेच होते. पुढील कृती उबुंटू आणि लिनक्स मिंट या दोहोंना लागू आहे.

ग्रबच्या सेटिंगची फाइल ईटीसी या फोल्डरातील डिफॉल्ट या फोल्डरात आहे आणि तिचे नाव नुसते ग्रब असे आहे. आधी फाइलींच्या खिडकीतून तेथे जाऊन तिची प्रत आपल्या होम फोल्डरात ठेवावी. प्रत घ्यायला पासवर्ड लागत नाही, आणि काही बिघडले तर हीच प्रत उपयोगी पडते.

मग विंडोजच्या ओळीचे खरे शीर्षक शोधावे. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबून टर्मिनल उघडावे आणि सुडो ग्रेप मेन्यूएन्ट्री /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी अशी आज्ञा द्यावी. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर कधी कधी ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे समजू नये, पूर्ण पासवर्ड टाइप करून एंटर दाबावे. उत्तरात बऱ्याच ओळी येतात. त्यांतली मेन्यूएन्ट्री या शब्दानंतर विंडोज बूट मॅनेजर असे असलेली ओळ पाहावी. सुरुवातीच्या एकेरी अवतरणचिन्हांत जे लिहिले आहे, डिस्कच्या विभागाच्या नावासकट, ते तिचे शीर्षक. ओळीच्या शेवटी दुसऱ्या अवतरणचिन्हांत ओएसप्रोबर-ईएफआय या अक्षरांनी सुरू होणारी आणखी एक खूण असते. ती त्या ओळीची ओळख. संगणकात दोन डिस्क असतील तर शीर्षकातले डिस्कचे नाव कधी कधी अदलाबदल होते, ही ओळख मात्र तीच राहते. म्हणून मी शीर्षकाऐवजी हीच वापरली. माउसने निवडून, कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबून ती उचलून घ्यावी.

आता सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही आज्ञा देऊन फाइल उघडावी. ग्रब_डिफॉल्ट=० अशी ओळ दिसेल; ग्रब आणि डिफॉल्ट हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, मधे अधोरेषा, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नाही. येथील शून्य म्हणजे यादीतली पहिली ओळ, कारण ग्रब मोजणी शून्यापासून करतो. ते शून्य पुसून तेथे दुहेरी अवतरणचिन्हांत मघाशी उचललेली ओळख चिकटवावी.

केवळ आकडा बदलूनही काम होते, आणि पुष्कळ जण तेच सांगतात. यादीत पहिली उबुंटूची ओळ, दुसरी अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सची आणि तिसरी विंडोजची असेल तर २ लिहावे. पण मी ते करू नये असे सुचवीन. उबुंटूची नवी आवृत्ती बसवल्यावर विंडोजच्या आधी मेमरी तपासणीच्या ओळी शिरू शकतात, विंडोज खाली सरकते, आणि २ हा आकडा एका सकाळी बाबांना मेमरीच्या चाचणीत नेऊन सोडतो. नावाने दिलेला हुकूम असा भरकटत नाही. नाव सापडलेच नाही तर ग्रब पहिली ओळ सुरू करतो, एवढेच.

त्याच फाइलीत आणखी दोन ओळी पाहाव्यात; ग्रबने सुरू होणारी अशी सर्व नावे मोठ्या अक्षरांतच असतात. ग्रब_टाइमआउट_स्टाइल समोर हिडन असेल तर यादी लपलेली राहते. तेथे मेन्यू असे छोट्या अक्षरांत लिहावे. ग्रब_टाइमआउट समोर किती सेकंद थांबायचे तो आकडा असतो. आम्ही १० ठेवला, कारण भाचीला तेवढ्यात कळ दाबता येते आणि बाबांना दहा सेकंदांनी काही फरक पडत नाही. येथे उणे एक लिहिल्यास ग्रब कोणी कळ दाबेपर्यंत थांबून राहतो, म्हणजे ज्या त्रासातून सुटायचे तोच कायमचा होतो.

ग्रब_डिफॉल्ट समोर ओळखीऐवजी सेव्हड असेही लिहिता येते आणि खाली ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू ही ओळ जोडता येते; मग मागच्या वेळी जी निवडली तीच सिस्टिम पुढच्या वेळी सुरू होते. एकटा माणूस वापरत असेल तर ही सोय चांगली. दोघांच्या घरात नको, कारण रात्री भाचीने उबुंटू वापरले की सकाळी बाबांपुढे पुन्हा उबुंटूच.

कंट्रोल आणि ओ, मग एंटर, असे दाबून फाइल जतन करावी आणि कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर पडावे. येथे बरेच जण थांबतात आणि काहीच बदलले नाही म्हणून त्रासतात. ही फाइल म्हणजे केवळ सूचना. तिच्यावरून खरी यादी तयार होते ती सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा दिल्यावर. आज्ञा चालताना विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आणि शेवटी डन हा शब्द दिसला पाहिजे. विंडोज सापडल्याची ओळ आली नाही तर थांबावे. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून शेजारच्या सिस्टिम शोधण्याचे काम मुळात बंद ठेवलेले असते. त्याच फाइलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स अशी ओळ असावी आणि तिच्या आधी हॅशचे चिन्ह नसावे; मग पुन्हा अपडेट-ग्रब चालवावे.

फर्मवेअरमधील क्रम

संगणक ग्रब न दाखवता सरळ विंडोजमध्ये जात असेल, तर क्रम फर्मवेअरमध्ये बदलावा लागतो. चालू करताच डेल आणि एसरवर एफ२, एचपीवर एफ१०, बऱ्याच जोडून घेतलेल्या संगणकांवर डिलीट ही कळ वारंवार दाबावी. नवी यंत्रे इतकी लवकर पुढे सरकतात की कळ चुकते. तेव्हा विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने जावे. घाई करावी लागत नाही. ब्लूटूथचा कीबोर्ड या टप्प्यावर बहुधा चालत नाही, वायरचा जवळ ठेवावा.

आत बूटच्या पानावर उबुंटू आणि विंडोज बूट मॅनेजर अशा दोन ओळी असतात. उबुंटूची ओळ वर नेली की ग्रब दिसू लागतो आणि पुढचा निर्णय वर सांगितल्याप्रमाणे ग्रबमध्ये होतो. हलवण्याच्या कळा प्रत्येक यंत्रावर निराळ्या असतात आणि त्या पडद्याच्या कडेला लिहिलेल्या असतात. जतन करून बाहेर पडण्याची कळ पुष्कळदा एफ१० असते. या पानांवर दुसरे काहीही बदलू नये. सिक्युअर बूट बंद करण्याची गरज नाही, उबुंटू ते चालू असताना सुरू होते. डिस्क ज्या पद्धतीने जोडली आहे ते सेटिंग बदलल्यास विंडोज उघडेनाशी होण्याची भीती असते.

याउलट विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर ठेवला तर? बाबांच्या सोयीसाठी तेही पुरले असते, आणि काही घरांना तेच बरे पडेल. मात्र मग यादी दिसतच नाही, आणि लिनक्स वापरणाऱ्याला दर वेळी एका वेळेपुरत्या निवडीची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होवर ती एफ१२, एचपीवर एफ९.

विंडोज डिफॉल्ट ठेवण्याचे आणखी एक कारण मला नंतर जाणवले. विंडोजचे मोठे अपडेट बसताना संगणक स्वतःहून दोन-तीन वेळा बंद-सुरू होतो. डिफॉल्ट उबुंटू असेल तर प्रत्येक वेळी अर्धवट अपडेट तसेच सोडून यंत्र उबुंटूत जाते, आणि घरात कोणी लक्ष ठेवून बसल्याशिवाय ते अपडेट पुरे होत नाही.

नंतर काय पाहावे

तपासणी रीस्टार्ट करून पुरत नाही. संगणक पूर्ण बंद करावा, भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबावे, मग सुरू करून कशालाही हात न लावता पाहावे. हे दोनदा करावे. त्यानंतर मुद्दाम बाण दाबून उबुंटू उघडून पाहावे, तेथून बंद करून पुन्हा काहीही न दाबता सुरू करावे.

उबुंटूहून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसले तर तो या बदलाचा दोष नव्हे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. आपला आणि जागतिक वेळेचा फरक साडेपाच तासांचा आहे. उबुंटूत टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही आज्ञा दिली की दोघांचे जुळते.

मिरग लागला की आमच्याकडे वीज येते-जाते. उबुंटू सुरू होत असताना मधेच वीज गेली, तर ग्रब ते अपयश नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी दहाऐवजी तीस सेकंद थांबतो. उबुंटू एकदा व्यवस्थित सुरू झाले की ही नोंद पुसली जाते. तीस सेकंदांनंतरही डिफॉल्ट तेच राहते, त्यामुळे घाबरून काही दाबू नये.

जुन्या टेबलावरच्या संगणकात मात्र एक खरा बिघाड होतो, आणि तो आमच्याकडे आषाढात झाला. विंडोजची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली आणि फर्मवेअरमधला क्रमही मूळच्या स्थितीत परत गेला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. हा बहुतेक यंत्रांत सीआर२०३२ असतो, तीन व्होल्टचा, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग आत जावे, सेलच्या कडेची बारीक पट्टी नखाने मागे सारून जुना उचलावा आणि नवा अधिकच्या चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावा. त्यानंतर आधी तारीख आणि वेळ, मग बूटचा क्रम, सुरुवातीला काढलेल्या फोटोंवरून पुन्हा लावावा. ग्रबच्या फाइलीला यात काही होत नाही, ती डिस्कवर असते. उबुंटूची ओळ वर नेली त्या संध्याकाळी यादी पूर्ववत आली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा चहा घेऊन टेबलाशी आले तेव्हा विंडोज त्यांचा पासवर्ड मागत थांबलेली होती.